थेल्मा रिंटूल यांच्या लग्नाचा दाखला

नोलीन स्पार्गोच्या टेबलाखाली बुटांच्या चार खोक्यांमध्ये अख्खं बरिंगल गाव राहत होतं. माणशी एक कार्ड. कोण ऑफिसात कधी आलं, कशासाठी आलं, काम झाल्यावर आभार मानायला फिरकलं की नाही, आणि न फिरकता पुढच्या निवडणुकीत विरोधी उमेदवाराची पाटी कुंपणाला लावली का, हे सगळं तिच्या बारीक, तिरक्या अक्षरात. खासदाराच्या ऑफिसात तिला बावीस वर्षं झाली होती. तेवढ्यात खासदार तीन झाले. कार्डं तीच राहिली. कॉम्प्युटर आला तेव्हा सगळं त्यात घाला असं वरून सांगणं आलं, आणि नोलीननं पत्ते आणि फोन नंबर तेवढे घातले.

बाहेरच्यांना वाटतं खासदाराच्या ऑफिसात देश चालवतात. निम्मं काम पेन्शनचं आणि रस्त्यांचं असतं, उरलेलं निम्मं लग्नांचं. ऑस्ट्रेलियात लग्नाला पन्नास वर्षं झाली की गव्हर्नर जनरलचं पत्र, साठ झाली की खुद्द राणीचं, राणीच्या फोटोसकट. ती पत्रं आपोआप येत नाहीत. कोणीतरी अर्ज करावा लागतो, आणि बरिंगलमध्ये तो नोलीन करायची. अर्जासोबत लग्नाच्या दाखल्याची प्रत घ्यायचीच, पन्नास असोत की साठ, हा तिचा स्वतःचा नियम. दाखला आणताना नवरा-बायको काय बोलतात, कोण शोधतं आणि कोण नुसतं उभं राहतं, यावरून तिला संसाराचा बराच अंदाज यायचा.

दोन हजार सतराच्या त्या नोव्हेंबरात गव्हाची कापणी सुरू होती आणि कॅनबेऱ्यात खासदार गळत होते. घटनेत शंभरावर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं एक कलम होतं: दुसऱ्या देशाचा नागरिक असलेल्याला संसदेत बसता येत नाही. इतकी वर्षं ते कलम कोणी फारसं हलवलं नव्हतं. त्या हिवाळ्यात कोणीतरी हलवलं, आणि एकेकाचं काय काय बाहेर पडलं. कोणी आईच्या बाजूनं परका निघाला, कोणी बापाच्या, कोणी नुसता पाळण्यात असताना दुसऱ्या देशातून आला म्हणून. बहुतेकांना स्वतःलाच पत्ता नव्हता. शेवटी ठरलं की प्रत्येक खासदारानं आपल्या आईबापांचे, आजीआजोबांचे जन्म कुठे झाले ते एका नोंदवहीत लिहून द्यायचं. मुदत पाच डिसेंबर. ती नोंदवही कोणालाही बघता येईल अशी उघडी राहणार होती.

बरिंगलचा खासदार ग्लेन रिंटूल यानं तो फॉर्म नोलीनच्या टेबलावर टाकला आणि म्हणाला, "भर बाई. माझ्यात लपवण्यासारखं काय आहे?"

हे तसं खरं होतं. ग्लेन छप्पन्न वर्षांचा, दारातून येताना खांदा जरा तिरका करावा लागेल असा गडी. खासदार होण्याआधी ट्रॅक्टर विकायचा, आणि अजूनही मतदाराशी बोलताना त्याच्या ट्रॅक्टरची चौकशी आधी करायचा. तेरा वर्षं निवडून येत होता. मागच्या वेळी मात्र चारशे बारा मतांनीच आला होता, आणि तो आकडा नोलीनला तिच्या रक्तदाबापेक्षा चांगला पाठ होता. आता पोटनिवडणूक झाली तर ते चारशे बारा कुठल्या कुठे जातील. आणि बरिंगलच्या हॉस्पिटलात डायलिसिसचं मशीन आणायचं जे काम त्यानं पाच वर्षं घासून मंजुरीच्या दारापर्यंत नेलं होतं, तेही तिथेच राहील.

नोलीननं फॉर्म भरायला घेतला. आई थेल्मा, जन्म इथलाच. वडील ॲलेक, जन्म डंडी, स्कॉटलंड. तिथे तिचं पेन थांबलं.

ग्लेनला वाटत होतं, बाबा इथे येऊन इथले नागरिक झाले म्हणजे विषय संपला. आणि समजा नसेल संपला, तरी राणी एकच ना? नाण्यावर तीच, पाचाच्या नोटेवर तीच. मग परदेश कुठला? नोलीननं त्याला सांगितलं की ब्रिटन परदेशच, हे कोर्टानं ठरवून टाकल्याला अठरा वर्षं झाली. ग्लेन खुर्चीत बसला, म्हणजे खुर्चीवर कोसळलाच. दरवर्षी जानेवारीत टाऊन हॉलमध्ये नव्या नागरिकांना शपथ दिल्यावर वॅटलचं, म्हणजे इथल्या बाभळीचं, रोप द्यायचं काम खासदाराचं असतं. ग्लेननं आजवर तीनशे चाळीस रोपं दिली होती. नोलीननं मोजली होती, कारण ती मागवायची तिनंच. तीनशे चाळीस जणांना देशात घेणारा माणूस स्वतः एक पाय बाहेर टाकून उभा होता की काय, हे बघायची तिला उत्सुकता वाटली. आणि त्या उत्सुकतेची थोडी लाजही.

सिडनीच्या वकीलबाईंनी फोनवर सगळा हिशेब पाच मिनिटांत उलगडला. त्या काळच्या ब्रिटिश कायद्यात नागरिकत्व बापाकडून यायचं. आई तिकडची असती तर काही झालं नसतं. बाप तिकडचा असूनही लग्न झालेलं नसतं, तरीही काही बिघडलं नसतं, कारण लग्नाबाहेरच्या मुलाला तो कायदा बापच धरत नसे. "पण तुमच्या आईवडिलांचं रीतसर लग्न झालेलं," बाई म्हणाल्या, "जन्मदाखल्यावर तारीखही आहे. चौदा फेब्रुवारी एकोणसाठ, मेलबर्न. दुर्दैव तुमचं."

ग्लेन त्याही परिस्थितीत हसला. "बाई, तुम्ही माझ्या आईला भेटला नाहीत. तिच्याकडे सगळं रीतसरच असतं."

बाईंचा सल्ला साधा होता. राजीनामा द्या, लंडनला अर्ज करून ते नागरिकत्व सोडा, पुन्हा उभे राहा. सोडायच्या अर्जासोबत वडिलांचा जन्मदाखला आणि आईवडिलांचा लग्नाचा दाखला जोडा.

लग्नाचे दाखले म्हणजे नोलीनचा प्रांत. तिनं त्याच दुपारी मेलबर्नच्या नोंदणी कार्यालयाला लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं: या नावांचा विवाह या तारखेला नोंदलेला नाही. नोलीननं तारखेच्या मागचीपुढची पाच वर्षं शोधायला सांगितली. पुन्हा उत्तर आलं. नाही.

तेव्हा तिनं तिसरं खोकं ओढलं आणि आर अक्षराचा गठ्ठा काढला. थेल्मा रिंटूलचं कार्ड पुढूनमागून भरलेलं होतं. ग्रामीण महिला मंडळाची अध्यक्ष चार वेळा. चर्चच्या फुलांची व्यवस्था. कृषी प्रदर्शनात फ्रूटकेकची परीक्षक, तीस वर्षं. आणि दोन हजार नऊच्या फेब्रुवारीची एक ओळ: "लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. पत्र मागवू का विचारायला घरी गेले. नको म्हणाल्या. चहाही विचारला नाही. ॲलेक उठून टोमॅटोला पाणी घालायला गेला. भर दुपारी."

नोलीननं ती ओळ दोनदा वाचली. भर दुपारी टोमॅटोला पाणी कोणी घालत नाही, हे तिला तेव्हाही खटकलं होतं, म्हणून तर लिहिलं होतं. पण कशाचं काय, हे आठ वर्षं कळलं नव्हतं.

तिनं ग्लेनला काही सांगितलं नाही. त्याच्या राजीनाम्याचं भाषण अर्धं लिहून झालं होतं, शुक्रवारी द्यायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी बुधवार. नोलीन सकाळीच थेल्माच्या घरी गेली.

थेल्मा ब्याऐंशीची होती, ॲलेक जाऊन सहा वर्षं झालेली. ताठ पाठीची, केस दर गुरुवारी सेट करणारी. बरिंगलच्या दोन पिढ्यांतल्या बायका तिच्या परीक्षेला घाबरून होत्या. केक ताजा असतानाच तारेच्या जाळीवर थंड करायला ठेवला तर बुडाला जाळीचे वळ उठतात. मध्ये कापड घालावं लागतं. प्रदर्शनातल्या नियमात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. थेल्मा केक चाखण्याआधी उलटा करायची. वळ दिसला की चव घ्यायचीही तसदी नाही, केक बाद. रडणाऱ्या बायका तिनं पाहिल्या होत्या, पण निकाल बदलला नव्हता.

या वेळी तिनं चहा दिला. खजुराचा केकही कापला. नोलीननं मेलबर्नचं पत्र टेबलावर ठेवलं. थेल्मानं चष्मा नाकावर खाली ओढून ते वाचलं आणि परत सरकवलं.

"मेलबर्नचे लोक निष्काळजी आहेत," ती म्हणाली.

"असतील. मी दोनदा शोधायला लावलं."

"आमच्याकडचा दाखला पुरात गेला."

"पूर चौऱ्याहत्तरचा, मिसेस रिंटूल. तुमच्या रस्त्याला पाणी आलंच नव्हतं. माझ्या बापानं आपली गाडी वाचवायला तुमच्याच अंगणात आणून लावली होती."

थेल्मानं खिडकीतून अंगणाकडे पाहिलं, जणू ती गाडी अजून तिथे आहे. माशा जाळीच्या दारावर आपटत होत्या. मग तिनं नोलीनच्या बशीत न विचारता केकचा दुसरा तुकडा ठेवला.

"तू तेव्हा ते पत्राचं विचारायला आलीस ना, तेव्हाच मी ॲलेकला म्हटलं होतं, ही पोरगी एक दिवस परत येणार."

"तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते."

"मग आता मोठी झालीस. ऐक."

आणि तिनं सांगितलं. फार वेळ लागला नाही. साठ वर्षं आत ठेवलेली गोष्ट बाहेर काढायला दहा मिनिटं पुरली, याचं खुद्द थेल्मालाच नवल वाटलेलं दिसलं. ॲलेक सत्तावन्न साली बोटीनं आला तेव्हा डंडीत त्याची बायको होती, आयसा नावाची. बोटीवर चढायला तिनं ऐन वेळी नकार दिला, आणि नंतर घटस्फोटालाही. ॲलेकनं दोनदा लिहिलं, दोनदा नकार आला. थेल्मा तीनशे किलोमीटरवरच्या एका गावातल्या बेकरीवाल्याची मुलगी. ॲलेक तिथे रेल्वेत सिग्नल सांभाळायचा आणि रोज एकच बन घ्यायला दोनदा यायचा. त्यानं काही लपवलं नाही. सगळं आधी सांगितलं, मग विचारलं. साठ साली त्याची बदली बरिंगलला झाली, तेव्हा गाडीतून उतरताना थेल्माच्या बोटात अंगठी होती. स्टेशनमास्तरनं "या मिसेस रिंटूल" म्हटलं. तिला एवढंच करावं लागलं, की त्याला दुरुस्त करायचं नाही. बेकरीवाला बाप तिच्याशी पुन्हा बोलला नाही. पुढच्या वर्षी ग्लेन झाला आणि ॲलेकनं जन्माच्या नोंदीत लग्नाची तारीख ठोकून दिली.

"व्हॅलेंटाइनचा दिवस," नोलीन म्हणाली.

"खोटी लिहायचीच होती, तर निदान चांगली लिहिली."

आयसा अठ्ठ्याण्णव साली वारली. पत्र आलं त्या दिवशी ॲलेक म्हणाला, चल, आता करून टाकू. थेल्मा नको म्हणाली.

नोलीनला इथे राहवेना. कार्डात न मावणाऱ्या प्रश्नांचीच तिला जास्त ओढ असायची. का नको, तिनं विचारलं.

"नोंदणी कचेरीत तेव्हा मंडळातल्या हेझल मिंचिनची नणंद बसायची."

"दुसऱ्या गावी जायचं."

"दुसऱ्या गावीही कोणीतरी कोणाची तरी नणंद असतेच." थेल्मानं सांडलेला चुरा बोटानं गोळा केला. "बोल. आता काय करणार आहेस? ग्लेनला सांगणार? त्याची खुर्ची तशीही जातेय, त्यात हे आणखी."

तेव्हा नोलीनच्या ध्यानात आलं की थेल्माला मुळात काही कळलेलंच नाही. ती समजत होती, नोलीन तिला पकडायला आलीय. कायद्याची गंमत तिला कोणी सांगितलीच नव्हती. नोलीननं कप बाजूला केला आणि वकीलबाईंचा हिशेब पहिल्यापासून मांडला. थेल्मा डोकं जरा कलतं करून ऐकत होती, केकमध्ये ब्रँडी किती पडलीय हे वासावरून ओळखताना करायची तसं.

"म्हणजे आमचं लग्न झालं असतं, तर तो गेला असता."

"हो."

"आणि झालं नाही, म्हणून राहतो."

"वकिलाला विचारावं लागेल. पण मला तसंच दिसतंय."

"आणि अठ्ठ्याण्णव साली केलं असतं तर?"

"तर बहुधा गेलाच असता. लग्न उशिरा केलं तरी पोरगा रीतसर धरतात म्हणे."

"हा कायदा कोणी लिहिला?"

"लंडनला. अठ्ठेचाळीस साली."

"पुरुषांनीच लिहिला असणार," थेल्मा म्हणाली. "आणि हे त्या नोंदवहीत जाणार. सगळ्यांना दिसणार."

नोलीननं मान हलवली. तिला खोटं सांगता आलं असतं, पण कार्डं ठेवणाऱ्या माणसाला ते जड जातं. कॉम्प्युटर असलेल्या कोणालाही दिसणार, ती म्हणाली.

"हेझलच्या घरी कॉम्प्युटर आहे," थेल्मा म्हणाली. मग उठून तिनं केकवर झाकण ठेवलं, म्हणजे भेट संपली. दारापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "ग्लेनला तू नको सांगूस. मी बघते काय ते."

नोलीन गाडीत बसली आणि तिला जाणवलं की या खेपेला आपण फक्त एक बाजू मोजून आलो आहोत. एका पारड्यात खुर्ची, चारशे बारा मतं आणि डायलिसिसचं मशीन. दुसऱ्यात एका बाईचं सत्तावन्न वर्षं राखलेलं नाव. आणि तराजू त्या बाईच्याच हातात देऊन आपण मोकळ्या.

गुरुवारी सकाळी थेल्मा ऑफिसात आली. केस सेट करायची वेळ सोडून आली, यावरूनच नोलीननं काय ते ओळखलं. तेरा वर्षांत मुलाच्या ऑफिसात तिनं पाऊल टाकलं नव्हतं. आज ती रांगेत बसली. पुढे दोन माणसं होती, एक मेंढपाळ आणि एक कुंपणाच्या तक्रारीवाला. नोलीननं आत पाठवायला पाहिलं, तर म्हणाली, माझा नंबर तिसरा आहे.

ग्लेनच्या खोलीचं दार पातळ होतं. एरवी नोलीनला त्यातून मतदाराचा खोकलाही कळायचा. त्या दिवशी वीस मिनिटं काही ऐकू आलं नाही. मग ग्लेननं दार उघडलं. डोळे लाल होते आणि चेहऱ्यावर लहानपणी हरवलेली वस्तू नको त्या जागी सापडल्यासारखा भाव. त्यानं नोलीनला आत बोलावलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"कालपासून."

"हे या खोलीबाहेर जाणार नाही. मी उद्या राजीनामा देतोय, आणि विषय संपला. लोक आईचं नाव घेऊन बारमध्ये हसतील आणि मी खुर्चीवर बसून राहीन, हे व्हायचं नाही."

थेल्मा पर्स मांडीवर धरून बसली होती. तिनं विचारलं, राजीनामा देऊन पुढे काय? पुन्हा उभा राहीन, ग्लेन म्हणाला. त्याआधी ते ब्रिटिश नागरिकत्व सोडावं लागेल ना? लागेल. त्याला कागद काय काय लागतात?

ग्लेननं नोलीनकडे पाहिलं. नोलीननं छताच्या पंख्याकडे पाहिलं. "लग्नाचा दाखला," ती म्हणाली.

पंखा एका फेरीत एकदा कुरकुरायचा, तो कुरकुरत राहिला.

"बघ म्हणजे," थेल्मा म्हणाली. "राहायचं तर दाखला नसावा लागतो. सोडून जायचं तर असावा लागतो. आपल्याकडे जे आहे त्यावरच चालवलेलं बरं."

"आई, त्यांना सांगून बघू, की दाखला हरवला."

"पुरात?" थेल्मा म्हणाली. "पुराचं मी काल सांगून बघितलं. हिच्या बापाची गाडी आडवी आली."

ग्लेन हसला नाही. तो टेबलाला वळसा घालून आला आणि आईच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला, एवढा मोठा गडी, गुडघे कडकडले. तुला हे करावं लागणार नाही, तो हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी ट्रॅक्टर विकीन. मला ट्रॅक्टर आवडतात.

"माझ्या नावासाठी तू खुर्ची सोडणार," थेल्मा म्हणाली, "आणि मला एकदा विचारलंस तरी का? नाव माझं आहे. ते कुठे खर्चायचं ते मी ठरवीन." आणि मग नोलीनकडे वळून: "कागद घे."

नोलीनला कागद साक्षांकित करायचा अधिकार होता, गावातल्या निम्म्या प्रतिज्ञापत्रांवर तिचाच शिक्का. तिनं थेल्मा सांगेल तसं टाइप केलं. "मी, थेल्मा रूथ बॉक, ॲलेक रिंटूल यांच्यासोबत त्यांच्या मृत्यूपर्यंत एकावन्न वर्षं राहिले. आमचा विवाह कधीही झाला नाही." नोलीननं विचारलं, "परिस्थितीमुळे" असं पुढे घालू का, जरा बरं दिसेल.

"नको. परिस्थितीनं काही केलं नाही. आम्ही केलं."

रिंटूलऐवजी बॉक अशी सही करताना तिचा हात पहिल्यांदा अडखळला. ते आडनाव तिनं सत्तावन्न वर्षांत लिहिलं नव्हतं, आणि शेवटचं अक्षर भलतीकडेच गेलं.

वकीलबाईंनी डंडीहून ॲलेकच्या खऱ्या लग्नाचा आणि आयसाच्या मृत्यूचा उतारा मागवला, मेलबर्नचं पत्र जोडलं, आणि तीन दिवसांनी फोन केला. गेले तीन महिने आपण लोकांचे दाखलेच गोळा करतोय, असं त्या म्हणाल्या. नसलेला दाखला घेऊन आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. त्यांच्या मते खुर्ची पक्की होती.

नोंदवही पाच डिसेंबरला, मंगळवारी, भरून जायची होती. सोमवारी महिला मंडळाची नाताळची सभा. हॉलमध्ये पंचवीस बायका, चार पंखे, लांब टेबलावर हॅमची सँडविचं, चॉकलेट-खोबऱ्याचे लॅमिंग्टन आणि स्पंज केक जाळीच्या झाकणांखाली. नोलीन मागच्या रांगेत बसली. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं, वृद्धाश्रमाला द्यायच्या पुडिंगचं ठरलं, आणि अध्यक्षबाईंनी इतर विषय कोणाचे आहेत का विचारलं. थेल्मा उभी राहिली.

तिनं जे सांगितलं ते पुडिंगच्या ठरावापेक्षा लांब नव्हतं. ॲलेकनं आणि मी लग्न केलेलं नव्हतं. का, आणि ग्लेनच्या खुर्चीशी त्याचा काय संबंध, तेही सांगितलं, दोन वाक्यांत. उद्या हे कॅनबेऱ्यात छापून येईल, आणि कोणाच्या तरी कॉम्प्युटरवरून कळण्याऐवजी माझ्याकडून कळलेलं बरं. कोणाला मी परीक्षक म्हणून नको असेन, तर हात वर करा.

कोणी हात वर केला नाही. कोणी हललंच नाही. कोणाच्या तरी बशीत चमचा वाजला आणि त्या बाईनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. नोलीन एकेक चेहरा बघत गेली. तिला वाटलं होतं, काही जणींना धक्का बसेल आणि काहींना आनंद. निघालं वेगळंच. बहुतेक चेहऱ्यांवर विचार चालू होता. मागची साठ वर्षं काढून जी ती तपासत होती, की यातलं आपल्याला कधी दिसायला हवं होतं.

शेवटी हेझल मिंचिन बोलली. हेझल अठ्ठ्याहत्तरची. तिचा नवरा क्लॅरी आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी दीडशे किलोमीटर जायचा, आणि गाडी हेझलच चालवायची.

"म्हणजे ग्लेन राहतो?"

"वकीलबाई म्हणतात राहतो."

हेझलनं सावकाश मान हलवली. मग तिचं मान हलवणं थांबलं. "पण थेल्मा," ती म्हणाली, "दोन हजार तीन सालचा माझा केक."

"तो बाद होता, हेझल."

"आता तरी."

"बुडाला वळ होते. आताही असतील."

"दोनच होते."

"तीन," थेल्मा म्हणाली आणि खाली बसली. अध्यक्षबाईंनी चहा ओतायला सांगितलं. खुर्च्या सरकल्या. हेझलनं पहिला कप भरला, साखर घालायची की नाही असा क्षणभर विचार केला, आणि दोन चमचे घालून तो थेल्मासमोर नेऊन ठेवला. थेल्मा दोनच घ्यायची.

मंगळवारी फॉर्म गेला. ग्लेननं सही करताना वडिलांच्या जन्मगावावर बोट ठेवून जरा वेळ घालवला, आणि मग हॉस्पिटलच्या मंजुरीसाठी फोन लावायला सांगितलं. नोलीननं फोन जोडून दिला आणि तिसरं खोकं ओढलं. थेल्माच्या कार्डावर, भर दुपारच्या टोमॅटोंच्या खाली, तिनं लिहिलं: "कारण कळलं. चहा दिला." मग दुसरं खोकं काढून हेझलचं कार्ड शोधलं. दोन हजार तीनच्या प्रदर्शनाची नोंद होती: केक बाद, रडली, जिना उतरताना कोणाशी बोलली नाही. वळ किती, ते लिहिलेलं नव्हतं. नोलीनला स्वतःचाच राग आला. तिनं पेनाचं टोपण काढलं आणि समासात लिहिलं: "दोन की तीन? दोघींनाही वेगवेगळं गाठून विचारणे."